आकड्यांमागची माणसे : धनंजयराव गाडगीळ

आज संगणकाच्या पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा उघडावा आणि बीड जिल्ह्यावर बोट ठेवावे, की पाऊस, पिके, कर्ज यांचे आकडे रंगीत आलेखांतून क्षणात समोर येतात. वर्ष बदलले की आलेखही बदलतो. पण हे आकडे मुळात आले कोठून? कोणीतरी कोणाच्या तरी उंबऱ्याशी जाऊन विचारले, टिपून घेतले, पडताळून पाहिले, तेव्हा ते आले. ही शिस्त महाराष्ट्रात रुजविणाऱ्यांमध्ये प्राचार्य धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा. शालेय शिक्षण नागपूरला आणि उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. भारताच्या औद्योगिक विकासावरील त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. काही काळ त्यांनी सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपद भूषविले. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे संचालकपद गाडगीळांनी १९६६ पर्यंत सांभाळले.

त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे विलायती ग्रंथांचे पठण, अशीच अनेकांची समजूत होती. गाडगीळांनी मात्र आपल्या सहकाऱ्यांना शेताच्या बांधावर आणि शहराच्या गल्लीबोळांत धाडले. वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च तपासला गेला. पुणे शहरातील कुटुंबांची पाहणी झाली. कोण काय कमावतो, किती देणे लागतो, किती खोल्यांत राहतो, हे प्रथमच कोष्टकांत नीट मांडले गेले.

पुढे १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी करविली. ७५ जिल्हे आणि ६०० गावे तीत होती. तिच्या मार्गदर्शक समितीवर गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारा वाटा केवळ सुमारे ३ टक्के, तर सावकारांचा जवळजवळ ७० टक्के, असे तीत आढळले. वर्तुळालेख काढला तर सहकाराची फोड दिसू नये इतकी बारीक! पण म्हणून सहकार मोडीत काढा, असे समितीने म्हटले नाही. सरकारने त्यात भागीदार व्हावे आणि कर्जाची सांगड माल-विक्रीशी घालावी, अशी शिफारस तिने केली.

प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचे पहिले अध्यक्षही गाडगीळच. १९५० मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याने पुढे अनेकांना वाट दाखविली.

येथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. सहकारी कारखानदारी वाढली, तिचा ऊस तोडायला बीडच्या टोळ्या जाऊ लागल्या. कारखान्याचा सभासद ऊस पिकविणारा; तोडणारा नव्हे. उत्पादनाचा आलेख वर चढताना दिसतो, पण त्यात कोयता दिसत नाही. दिवाळीनंतर पाटोदा, आष्टी, धारूरकडील अनेक घरांना कुलूप लागते. अशा वेळी पाहणी करणारा आला, तर त्या घराची नोंद कोठे व्हावी? गाडगीळांनी घालून दिलेली शिस्त हाच प्रश्न आपल्याला विचारायला लावते.

१९६७ ते १९७१ या काळात ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्राची मदत कोणाच्या मर्जीने नव्हे, तर ठरलेल्या निकषांवर मिळावी, म्हणून त्यांनी सूत्र आखले. विशेष दर्जाच्या राज्यांचा वाटा वेगळा काढल्यावर उरलेल्या मदतीत ६० टक्के भार लोकसंख्येला होता आणि १० टक्के सरासरीहून कमी उत्पन्न असलेल्या राज्यांना. ते पद सोडल्यावर थोड्याच दिवसांत, ३ मे १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्याच संस्थेतील वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली मराठवाड्याचा विकासातील अनुशेष मोजला. आपली कैफियत तेव्हा आकड्यांत मांडली गेली.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावाची पाहणी करतो. तक्ता लवकर भरून टाकण्याचा मोह तेव्हा होतो. पण कुलूपबंद घरापुढे क्षणभर थांबून, ही माणसे कोठे गेली, असे शेजाऱ्याला विचारून ते टिपले, तर गाडगीळांचे ऋण थोडे तरी फिटेल.