मालवणचे आघारकर आणि प्रवाळातले शैवाल

मालवणच्या समुद्रात आज पर्यटक प्रवाळ पाहायला उतरतात. त्याच मालवणात १८ नोव्हेंबर १८८४ रोजी शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म झाला. नावाजले ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून. पण त्यांचा पहिला गाजलेला शोध एका प्राण्याचा होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत असताना त्यांना सह्याद्रीतल्या कृष्णेच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातली चिमुकली जेलीफिश सापडली. तिची भावंडे तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होती.

१९१४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले आणि अभ्यासासाठी जर्मनीला पाठवले. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि ते तिथेच स्थानबद्ध झाले. तरीही वायव्य भारतातल्या कोरड्या व खारट जमिनीवरच्या वनस्पती कशा पसरतात, या विषयावर त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली.

जेलीफिश आणि प्रवाळ एकाच प्राणिसंघातले. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर साखर तयार करून यजमानाला देते आणि त्याच्याकडून नत्र व स्फुरद घेते. सांडपाण्याने किंवा शेतातल्या खताने नत्र वाढले की शैवाल भराभर वाढते आणि साखर स्वतःकडेच ठेवू लागते. नत्र भरपूर पण स्फुरद अपुरे असेल, तर उन्हाळ्यात प्रवाळ लवकर पांढरे पडते. मात्र सगळे शैवाल सारखे वागत नाही. एकाच जातीतले दोन वाण, जनुकांतल्या फरकामुळे, त्याच पाण्यात वेगळे वाढतात. म्हणून शेजारच्या दोन प्रवाळांपैकी एक तगते, दुसरे मरते.

कळव्याला लागून वाहणाऱ्या ठाणे खाडीत सांडपाण्यावर शैवाल पोसते आणि रोहित पक्ष्यांना खाद्य मिळते. प्रवाळाला मात्र तीच सुबत्ता सोसत नाही.

अशा प्रश्नांना प्राणी आणि वनस्पती, दोन्ही जाणणारी नजर लागते. आघारकरांकडे ती होती. कलकत्त्याहून निवृत्त झाल्यावर १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती चालवली. १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनणाऱ्या दगडफुलांचा मोठा संग्रह आज तिथे जपला जातो.