पदक वेळेवर, पुरस्कार मात्र मागाहून

वर्ष सरत आलं की खेळाडूंच्या पुरस्कारांचा हंगाम सुरू होतो. तालुक्याच्या गावी मांडव पडतात. शाल, श्रीफळ, फेटा, करंडक आणि वर पाहुण्यांची भाषणं. यंदा तुमच्या गावातल्या एखाद्या पोराचं नावही यादीत असेल. वाचकहो, अशा पुरस्काराची खरी किंमत किती, हे जोखायचं असेल तर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या पैलवानाकडं बघावं लागतं. त्यांचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

15 जानेवारी 1926 ला त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यांनी पोराला पाचव्या वर्षीच तांबड्या मातीत उतरवलं. खाशाबा अंगानं बेताचे, पण चपळाई अशी की समोरच्याला डाव कळायच्या आत पाठ टेकलेली असे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झालं आणि पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते दाखल झाले. कुस्तीच्या पंढरीत त्यांचं कसब आणखी घोटलं गेलं.

1948 साली लंडनचं ऑलिंपिक आलं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला म्हणून जाणं झालं. तिथं माती नव्हती, गादी होती. नियमही निराळे. अशा परक्या गादीवर त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. दुसरा असता तर तेवढ्यावर समाधान मानून घरी बसला असता. खाशाबांनी मात्र परत आल्यावर मेहनत दुप्पट केली.

मग 1952 चं हेलसिंकी उजाडलं. फिनलंड म्हणजे काही कोल्हापूर-कऱ्हाड एस. टी.चा प्रवास नव्हे. पैसा आणायचा कुठून? सरकारदरबारी विचारणा झाली, पण काम काही होईना. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळातले सात हजार! विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा गुरू मिळणं, हाही एक पुरस्कारच म्हणायचा. तो सगळ्यांत आधी मिळाला आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडला.

खाशाबांनी त्या विश्वासाचं चीज केलं. जुलै 1952 मध्ये 57 किलो वजनी गटात त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. असं दुसरं पदक देशाला थेट 1996 साली लिएंडर पेसनं टेनिसमध्ये मिळवून दिलं. मधे 44 वर्षं गेली. यावरून कामगिरीचं मोल तुम्हीच ठरवा.

गावानं मात्र मोल ओळखायला वेळ लावला नाही. शंभरावर बैलगाड्या जुंपून कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत मिरवणूक निघाली. हाकेच्या अंतराला तासन्‌तास लागले. अन् खाशाबांनी काय करावं? हार गळ्यातून उतरले तसे ते पुन्हा कुस्त्या खेळले, बक्षिसाचे पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं.

1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं इमानानं नोकरी केली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पुढं पेन्शनसाठी मात्र झगडावं लागलं. अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाला, तोवर खाशाबांचे खेळाचे दिवस मागं पडले होते. असे पुरस्कार तेव्हा त्या-त्या वेळच्या कामगिरीकडं बघून दिले जात. जो आधीच खेळून गेला, तो सहसा यादीबाहेर राही. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला आणि 1983 साली फाय फाउंडेशननं जीवनगौरव दिला. हयातीत वाट्याला आलं ते एवढंच. 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

सन्मानांची रीघ लागली ती त्यानंतर. 1992-93 चा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर. 2000 साली अर्जुन पुरस्कार, तोही मरणोत्तर. म्हणजे पदकानंतर 48 वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव लागलं. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन ठरला. हे सारं योग्यच झालं. नव्या पोरांना नाव कळलं, गावाची मान उंचावली. पण ज्या माणसानं पेन्शनसाठी खेटे घातले, त्याच्या हाती यातलं काय पडलं?

म्हणून सांगणं एवढंच. पुरस्कार फुकाचा नसतो. तो वेळेवर मिळाला तर त्याच्या बळावर नोकरीचं दार उघडतं, घरच्यांचा विरोध मावळतो, पोराला हुरूप येतो. उशिरा मिळाला तर तो भिंतीवरच्या तसबिरीखाली ठेवायची वस्तू होतो. यंदा तुमच्या मंडळानं, ग्रामपंचायतीनं सत्कार ठरवला असेल तर जरूर करा. शालीबरोबर खुराकाचे, बुटांचे, पुढच्या स्पर्धेच्या गाडीभाड्याचे पैसेही द्या. आणि आपल्याच आळीत एखादा जुना मल्ल गुडघे धरून कट्ट्यावर बसत असेल, तर त्याचं नाव यादीत सगळ्यांत वर घाला. तो ऐकू शकतोय तोवरच टाळ्या वाजवा.