एलो म्हणजे माणूस: फुटबॉलच्या रँकिंगमागचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्यांना ‘एलो’ हा शब्द नवीन नाही. बऱ्याच जणांना वाटतं की हे एखाद्या लांबलचक इंग्रजी नावाचं संक्षिप्त रूप असावं. तसं काही नाही. एलो हे एका माणसाचं आडनाव आहे. अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवलेल्या हिशोबावरच आज देशोदेशीच्या फुटबॉल संघांची क्रमवारी लागते. दोन संघांचे आकडे समोर ठेवून ‘कोण भारी?’ असा वाद तुम्ही कधी घातला असेल, तर या माणसाची ओळख करून घ्यायला हवी.

हंगेरी ते मिलवॉकी

एलो यांचा जन्म २५ ऑगस्ट १९०३ चा, हंगेरीतल्या एका खेड्यातला. १९१३ मध्ये ते आईवडिलांसोबत अमेरिकेत आले. शिकागो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले आणि मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात अनेक वर्षं तोच विषय शिकवला. बुद्धिबळ हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता, पण विस्कॉन्सिन राज्याचं विजेतेपद त्यांनी आठ वेळा मिळवलं. १९५७ मध्ये मिलवॉकीतल्याच एका स्पर्धेत पन्नाशी ओलांडलेले एलो एका १४ वर्षांच्या मुलाकडून हरले. तो मुलगा म्हणजे बॉबी फिशर.

अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेत तेव्हा रेटिंगची एक पद्धत होती, पण तिचे निकाल अनेकदा पटायचे नाहीत. १९५९ मध्ये ती सुधारायचं काम एलो यांच्याकडे आलं. १९६० मध्ये अमेरिकेच्या संघटनेने त्यांची नवी पद्धत स्वीकारली आणि १९७० मध्ये जागतिक संघटना ‘फिडे’नेही. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या खेळाडूंची रेटिंग्ज एलो स्वतःच काढत असत.

हिशोब असा आहे

एलो यांनी आधीचा प्रश्नच बदलला. ‘कोण भारी?’ हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, या दोघांच्या सामन्यात कोणाकडून किती गुणांची अपेक्षा धरायची? जिंकलं तर १, बरोबरी झाली तर अर्धा, हरलं तर ०. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर अपेक्षा ०.५. फरक २०० असेल तर वरच्याची सुमारे ०.७६ आणि खालच्याची ०.२४.

सामना झाला की प्रत्यक्ष गुणांमधून अपेक्षा वजा करायची आणि उरलेल्या फरकाला एका ठरावीक आकड्याने गुणायचं. तो आकडा २० धरू. खालचा जिंकला तर १ वजा ०.२४ म्हणजे ०.७६, गुणिले २०, म्हणजे सुमारे १५ गुणांची कमाई. वरचा जिंकला तर त्याला जेमतेम ५. म्हणजे काय, तर अपेक्षेप्रमाणे घडलं की रेटिंग थोडंच हलतं, धक्का बसला की जास्त. मशीन लर्निंग शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: अंदाज करा, चूक मोजा, थोडं सरका.

फुटबॉलमध्ये

‘फिफा’ची पुरुष संघांची जुनी क्रमवारी सरासरी गुणांवर चालायची. मैत्रीपूर्ण सामने खेळले की सरासरी घसरायची. म्हणून २०१८ च्या विश्वचषकाच्या ड्रॉआधी पोलंडने असे सामने टाळले आणि अव्वल मानांकनाच्या गटात जागा मिळवली. ऑगस्ट २०१८ पासून फिफाने एलोवर आधारलेलं सूत्र घेतलं. आता गुणायचा आकडा सामन्याच्या महत्त्वाप्रमाणे बदलतो: सगळ्यात साध्या मैत्रीपूर्ण सामन्याला ५, तर विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपासून ६०.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग कोविडमुळे पूर्ण गोव्यात झाली. मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान या दोघांनी २० पैकी १२ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, ४ हरले. दोघांचेही ४० गुण. गोल पाहिले तर मुंबईने ३५ केले, १८ खाल्ले. बागानने २८ केले आणि फक्त १५ खाल्ले. साखळीतले आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले, आणि त्या जोरावर लीग शिल्डही. पण ते दोन सामने बाजूला काढा. उरलेल्या १८ सामन्यांत बागानचे ४० गुण आणि मुंबईचे ३४!

मग भारी कोण? समोरासमोर मुंबई, बाकीच्यांविरुद्ध बागान. एलोच्या हिशोबात बलाढ्य बागानला हरवल्याचे मुंबईला जास्त गुण मिळतील, पण दुबळ्या संघांकडून हरल्याचे जास्त कापलेही जातील. नुसत्या गुणतालिकेत हा भेद दिसत नाही. पुढे १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यातही मुंबईच २-१ ने जिंकली.

गज आणि बूच

आमच्या गांधीबागेच्या मार्केटमध्ये कापड मोजताना कापड स्थिर असतं आणि गजही. एलो यांचं म्हणणं होतं की खेळाडूची ताकद मोजणं असं नसतं. पाण्यावर बूच वरखाली होतंय आणि ते मोजायची पट्टी दोरीला बांधून वाऱ्यात हलतेय, अशी उपमा ते देत. रेटिंग हा अंदाज आहे, शिक्का नाही, हे पद्धत बनवणाऱ्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

लोकांनी मात्र त्याचा शिक्का केलाच. कोणाला कुठल्या स्पर्धेचं आमंत्रण येणार, हे त्या आकड्यावर ठरू लागलं. खेळापेक्षा रेटिंगची काळजी करणारे खेळाडू उतारवयात एलो यांना खटकत. ५ नोव्हेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

२०२५ च्या महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुखला रेटिंगनुसार पंधरावं मानांकन होतं. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून ती विजेती झाली आणि ग्रँडमास्टरही. यात एलो यांची पद्धत खोटी ठरली नाही. पंधराव्या मानांकनालाही जिंकण्याची शक्यता तिने ठेवलेलीच होती, आणि ती खरी ठरल्यावर आकडा कसा दुरुस्त करायचा हेही सांगून ठेवलं होतं. पुढच्या वेळी दोन संघांचे आकडे मांडाल, तेव्हा बेरजेच्या आधी एवढं बघा: हे गुण कोणाविरुद्ध मिळवलेत?