वर्ध्याचा ख्रिस्ती हिशोबनीस



वर्धा शहरात मगनवाडीजवळच्या रस्त्याला कुमारप्पा यांचे नाव दिलेले आहे. आपल्यातील अनेक जण त्या बाजूने रोज जा-ये करतात. परंतु हे कुमारप्पा कोण, असे तरुणांना विचारले तर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. ते आपल्यासारखेच ख्रिस्ती होते आणि त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचे काम याच वर्ध्यात झाले, हे समजल्यावर तर अधिकच नवल वाटेल. म्हणून या रविवारी आम्ही जे. सी. कुमारप्पा यांचे जीवन आपल्यापुढे ठेवत आहोत.

याला आणखी एक कारण आहे. आपली मुले शिकून नागपूर, पुणे, हैदराबादला नोकरीला जातात. आईवडिलांना आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. परंतु तरुणपणी घर, गाडी आणि पगार यांच्या मागे धावताना काही प्रश्न मागे पडतात. चाळिशी-पन्नाशीत ते समोर येऊन उभे राहतात. मी हे सारे कोणासाठी केले? माझ्या शिक्षणाचा उपयोग कोणाला झाला? कुमारप्पांनाही हे प्रश्न लवकर पडले नाहीत. पडले तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. मात्र प्रश्न पडल्यावर त्यांनी तो टाळला नाही, ही त्यांची थोरवी.

४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतील तंजावर येथे एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा त्यांचे आडनाव कॉर्नेलियस होते. घर सुशिक्षित, शिस्तीचे आणि प्रार्थनेचे. मद्रासमध्ये शिक्षण घेऊन ते हिशोबशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले. तिथे परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी व्यवसायही सुरू केला. त्यांचा पोशाख, भाषा, राहणी सारे काही विलायती झाले. कदाचित ते तिथेच कायमचे राहिले असते. परंतु आईने घरी परत येण्याचा आग्रह धरला आणि १९१९ मध्ये मुलगा मुंबईला परतला. आईच्या शब्दासाठी चालता व्यवसाय सोडणे सोपे नसते. त्या वेळी त्यांना फार काही कळून आले होते असे नाही. त्यांनी फक्त आईचे ऐकले. पुढचे सारे आयुष्य त्या एका ऐकण्यातून उभे राहिले.

मुंबईत त्यांनी लेखापरीक्षणाची स्वतःची कंपनी काढली. मोठमोठ्या कंपन्यांचे जमाखर्च तपासण्याचे काम होते. पैसा होता, मान होता. १९२७ मध्ये ते अमेरिकेत असलेल्या भावाकडे गेले. गेले होते सुट्टीसाठी, पण रिकामे बसणे स्वभावात नव्हते. त्यांनी सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यापार व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला सुरुवात केली.

तिथे एक छोटीशी घटना घडली. एका चर्चमध्ये त्यांनी भारताच्या गरिबीवर भाषण केले. त्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि ती त्यांच्या प्राध्यापकांनी, सेलिगमन यांनी, वाचली. त्यांनी सुचवले की याच विषयावर प्रबंध लिहावा. कुमारप्पा कामाला लागले. आतापर्यंत त्यांनी कंपन्यांच्या वह्या तपासल्या होत्या. आता प्रथमच त्यांनी आपल्या देशाची वही उघडली. गरीब शेतकऱ्याकडून गोळा केलेला कर कुठे जातो? लष्करावर किती, साहेबांच्या पगारावर किती आणि खेड्याच्या वाट्याला किती? आकडे मांडता मांडता त्यांना दिसून आले की देश आळसामुळे गरीब झालेला नाही, त्याचा पैसाच बाहेर वाहून नेला जात आहे. ज्या व्यवस्थेत आपण सुखाने कमावत आलो, ती कोणाच्या घामावर उभी आहे हे त्यांना कळले. तेव्हापासून त्यांना स्वस्थ बसवेना.

१९२९ मध्ये ते प्रबंध घेऊन भारतात परतले. तो छापला जावा म्हणून ९ मे १९२९ रोजी ते साबरमती आश्रमात गांधीजींना भेटायला गेले. विलायती सूट, हातात काठी. वेळेच्या आधी पोचल्यामुळे ते आवारात फिरू लागले. शेणाने सारवलेल्या जागी, झाडाखाली एक म्हातारा सूत कातत बसलेला दिसला. कुमारप्पा उभे राहून पाहत राहिले. तो म्हातारा म्हणजेच गांधीजी, हे समजल्यावर ते त्या सुटातच जमिनीवर बसले. कोणीतरी लगबगीने खुर्ची आणली, पण त्यांनी ती घेतली नाही.

तरुण मित्रांनो, या प्रसंगाकडे नीट पाहा. दोन देशांच्या पदव्या असलेला माणूस जमिनीवर बसला. अपमान वाटला म्हणून उठला नाही. शिकलेल्या माणसाला आपल्याला अजून काही कळायचे आहे असे वाटणे, हा धडा फार थोड्यांना वेळेवर मिळतो.

गांधीजींनी त्यांचे लेखन प्रसिद्ध करण्याचे मान्य केले आणि एक काम सोपवले. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात जाऊन खेड्यांची आर्थिक पाहणी करायची. त्यांना गुजराती येत नव्हती. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते ५० हून अधिक गावांत फिरले. कोणाकडे किती जमीन, किती कर्ज, किती पोटे, याची नोंद केली. त्यांच्या अंगावर खादी आली. घराण्याचे जुने कुमारप्पा हे नाव त्यांनी धारण केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडल्या, तेव्हा त्यांनी देशातील ख्रिस्ती धर्मसेवकांना जाहीर आवाहन करून अन्यायापुढे गप्प न बसण्याची विनंती केली. १९३१ मध्ये आणि पुन्हा १९३२ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला.

जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भीषण भूकंप झाला. मदतीसाठी देशभरातून पैसा आला. त्याचा हिशोब राखण्याचे काम कुमारप्पांकडे आले. त्यांनी कार्यकर्त्यांच्या रोजच्या खर्चाला कडक मर्यादा घातली. गांधीजी दौऱ्यावर आले तेव्हा त्यांच्या बरोबरच्या मंडळींचा खर्च त्या मर्यादेत बसेना. भूकंपग्रस्तांच्या पैशातून हा खर्च करता येणार नाही, असे कुमारप्पांनी सांगितले. ज्यांना गुरू मानले त्यांच्यासाठीही त्यांनी नियम वाकवला नाही आणि गांधीजींचा त्यांच्यावरचा विश्वास कमी झाला नाही. दुसऱ्यांच्या पैशाला हात लावताना ओळखीपाळखी बाजूला ठेवाव्या लागतात. मंडळाचा निधी असो, सहकारी सोसायटी असो की सणाची वर्गणी असो, लहान रकमेत जो सैल राहतो तो मोठ्या रकमेत सावरत नाही. हे उशिरा शिकलेल्या माणसाला बहुधा अब्रूची किंमत मोजावी लागते.

त्याच वर्षी १४ डिसेंबरला वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि घर या कामासाठी दिले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेचे नाव मगनवाडी ठेवले गेले. पुढची अनेक वर्षे कुमारप्पांनी इथे काढली. तेलघाणी, हातकागद, हातसडीचे तांदूळ, ताडगूळ, मधमाश्या, साबण, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, असे कितीतरी प्रयोग इथे झाले. हिशोबनिसाचे ज्ञान त्यांनी फेकून दिले नाही. कच्चा माल कुठून येतो, मजुरी कोणाला मिळते, नफा गावात राहतो की बाहेर जातो, हे ते आकड्यांनी दाखवीत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले. ते आजही आहे.

प्रभू येशूने सांगितलेला धन्याने चाकरांकडे सोपवलेल्या पैशाचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. कुमारप्पांकडे पाहिले की त्याचा अर्थ उलगडतो. देवाने दिलेली हुशारी तीच होती. ती पूर्वी श्रीमंत कंपन्यांच्या कामी येत होती, आता ती तेली, कुंभार आणि कागद करणाऱ्यांच्या कामी आली.

१९४२ च्या आंदोलनात त्यांना पुन्हा अटक झाली. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर आणि आचरणावर, दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी निसर्गातील उदाहरणे घेऊन माणसाच्या जगण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन पोट भरतो. माकड न लावलेल्या झाडाची फळे खाते. पक्षी स्वतःच्या कष्टाने घरटे बांधतो. मधमाशी साऱ्या पोळ्यासाठी मध जमवते. आणि सर्वांत वरची पायरी आईची, जी पिलांना भरवते आणि बदल्यात काही मागत नाही. आपली नोकरी, आपला धंदा, आपले घरातले वागणे यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, हे प्रत्येक तरुणाने स्वतःला विचारून पाहावे.

कुमारप्पा निर्दोष नव्हते. त्यांचा स्वभाव तापट होता. बोलणे रोखठोक असल्यामुळे माणसे दुखावत. रक्तदाबाच्या विकाराने त्यांना दीर्घकाळ त्रास दिला. त्यांचे सगळे म्हणणे देशाने मानले असेही नाही. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या शेती सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. कसणाऱ्याच्या हाती जमीन असावी, अशी भूमिका १९४९ च्या अहवालात मांडली गेली. पण सरकारने मोठ्या कारखान्यांची वाट धरली आणि त्यांचे विचार बाजूला पडले. तेव्हा ते रुसून बसले नाहीत. आपल्याच जिल्ह्यातील सेलडोह येथे त्यांनी पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग सुरू केले. पुढे प्रकृती साथ देईना, तेव्हा ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टी येथील आश्रमात राहायला गेले. ३० जानेवारी १९६०, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रास येथे त्यांनी देह ठेवला. त्यांनी लग्न केले नव्हते. मागे संपत्ती ठेवली नव्हती.

आज बाटलीबंद घाणीच्या तेलाला आणि हातसडीच्या तांदळाला शहरात जास्त भाव मिळतो. जमीन, पाणी, जंगल संपत चालले अशी चिंता साऱ्या जगाला लागली आहे. मगनवाडीत कुमारप्पांनी हेच सांगितले होते. पण आपले बरोबर ठरलेले पाहायला ते हयात राहिले नाहीत. पीक पाहायला मिळो न मिळो, पेरणी करायची असते, हे आपल्या वऱ्हाड-विदर्भातील शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तरुणांनो, प्रत्येकाने नोकरी सोडून आश्रमात जावे असे आम्ही म्हणत नाही. तुम्ही शिका, कमवा, आईवडिलांना सुखात ठेवा. पण कुमारप्पांना ३७ व्या वर्षी पडलेला प्रश्न तुम्ही पंचविशीत विचारू शकता. माझ्या ताटातील घास कोणाच्या कष्टाने आला आणि माझ्या शिक्षणातून मी त्याला काय परत देतो? पगार झाल्यावर महिन्यातून एकदा तरी हा हिशोब मांडा. तुमच्यापैकी जे आत्ताच चाळिशीत आहेत त्यांनीही निराश होऊ नये. कुमारप्पा वर्ध्याला आले तेव्हा त्रेचाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी आईवडिलांनी मुलांना घेऊन मगन संग्रहालय पाहून यावे. तिथली घाणी, चरखे आणि कागद पाहताना मुलांना एवढे जरूर सांगावे, की हे उभे करणारा माणूस येशूवर प्रेम करणारा होता आणि त्या प्रेमापोटीच तो गरिबांच्या बाजूने बसला. प्रभू आपल्या तरुणांना तशी दृष्टी देवो, आणि ती वेळेवर देवो.