घाव सोसणारे पोलाद

इंग्लंडमधील शेफील्ड हे शहर पोलादासाठी प्रसिद्ध आहे. या शहराच्या ॲटरक्लिफ भागात २८ नोव्हेंबर १८५८ रोजी रॉबर्ट हॅडफील्ड यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचा पोलादाच्या ओतकामाचा कारखाना होता. शाळा संपल्यावर रॉबर्ट पोलादाच्याच धंद्यात शिरले. त्यांना रसायनशास्त्राची विलक्षण गोडी होती.

त्या काळी लढाऊ जहाजांना लोखंडाचे व पोलादाचे चिलखत चढवीत असत. ते घडविणाऱ्यांपुढे एक कोडे होते. पत्रा मऊ असला, तर तोफेचा गोळा त्यात रुतून आरपार जाई. तो फार कठीण केला, तर गोळ्याचे टोक मोडे खरे. पण पत्राही काचेसारखा तडकून जाई. कठीणपणा आणि चिवटपणा एकत्र कसे नांदावेत?

हॅडफील्ड मात्र तेव्हा चिलखताचा विचार करीत नव्हते. त्यांना चाकांसाठी न झिजणारे पोलाद हवे होते. म्हणून त्यांनी पोलादात मँगनीज मिसळून पाहिले. शंभर भागांत चार-पाच भाग मँगनीज घातले, की पोलाद इतके ठिसूळ होई, की हातोड्याने त्याचा चुरा करता येई. पूर्वीचे संशोधक येथेच थांबले होते. हॅडफील्ड थांबले नाहीत. ते प्रमाण वाढवीत गेले आणि १८८२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बारा-तेरा भागांपर्यंत पोहोचले. तेथे नवलच घडले! साधे पोलाद तापवून पाण्यात बुडविले, की कठीण व ठिसूळ होते. हे पोलाद तसे केल्यावर उलट चिवट झाले. शिवाय त्यावर घाव घातला, की घावाची जागाच अधिक कठीण होई. लोहचुंबकही त्याला ओढीत नसे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. आरंभी ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर कापडी टोपी असे. तोफगोळे हवेत फुटत आणि शिशाच्या गोळ्यांचा वर्षाव होई. कित्येकांची डोकी फुटत. १९१५ साली जॉन ब्रॉडी यांनी रुंद काठाचे पोलादी शिरस्त्राण तयार केले. प्रथम ते साध्या पोलादाचे होते. लवकरच त्यासाठी हॅडफील्ड यांचे पोलाद वापरण्यात आले. पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ होता. आघात झाला, की त्याला खोक पडे, पण तो सहसा तडकत नसे. आघाताचा जोर खोक पाडण्यातच खर्ची पडे. बंदुकीची जवळून आलेली सरळ गोळी मात्र त्याला अडविता येत नसे. तरीही त्याने असंख्य सैनिकांचे प्राण वाचविले.

हॅडफील्ड यांच्याच कारखान्यात चिलखत भेदणारे गोळेही तयार होत. रक्षण आणि संहार ही दोन्ही कामे एकाच भट्टीतून घडत होती. पोलाद कोणत्या कामी लावावयाचे, हे शेवटी माणसेच ठरवितात.

प्राचीन लोखंडाविषयीही त्यांना कुतूहल होते. दिल्लीच्या लोहस्तंभातील लोखंडाचे त्यांनी रासायनिक पृथक्करण केले होते. १९०९ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ३० सप्टेंबर १९४० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

रेल्वेचे रूळ जेथे एकमेकांना छेदतात, तेथे व दगड फोडणाऱ्या यंत्रांत आजही मँगनीजचे पोलाद वापरतात. चाकांचे धक्के आणि दगडांचे घाव खात ते अधिकच कठीण होत जाते. जेथे इतरांनी प्रयोग सोडून दिला, तेथून पुढे टाकलेल्या काही पावलांचे हे फळ होय.