लेकाने जर्मन जनरल पळवला, बाप मात्र नागपूर-भंडाऱ्याच्या डोंगरांत मॅंगनीज शोधत फिरला

1944 साली क्रीट बेटावर एका ब्रिटिश मेजरने साथीदारांसोबत चक्क जर्मन जनरलला गाडीसकट पळवलं. त्याचं नाव पॅट्रिक ली फर्मर. पुढे तो प्रवासवर्णनांचा मोठा लेखक झाला, या कारनाम्यावर सिनेमाही निघाला. त्याच्या बापाचं नाव मात्र फारसं कुणाला माहीत नाही. आणि त्या बापाचा आपल्या विदर्भाशी थेट संबंध आहे.

लुईस ली फर्मर. जन्म लंडनचा, 1880 चा. वयाच्या बाविसाव्या वर्षी, 1902 मध्ये, तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला.

तेव्हा रामटेकजवळच्या मनसर भागात मॅंगनीजच्या खाणी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पोलाद बनवायला मॅंगनीज लागतंच, त्यामुळे कंपन्यांची झुंबड उडालेली. पण एक प्रश्न कुणालाच सुटत नव्हता. हे काळं खनिज फक्त वरवरचं आहे की खोलवर गेलेलं?

प्रश्न पैशाचा होता. पाऊस आणि हवा हजारो-लाखो वर्षं खडक कुजवतात. विरघळणारं वाहून जातं, न विरघळणारं जागेवर साचतं. आपल्या कोकणातला जांभा असाच बनलाय. ब्राझीलमधल्या अराशाची जगप्रसिद्ध नायोबियमची खाणही याच कारणाने श्रीमंत: तिथल्या खडकातला चुनखडीसारखा भाग पाण्याने नेला आणि नायोबियमचं खनिज मागे उरलं. पण असा साठा वरच्या थरापुरताच असतो. थर संपला की खाण संपली, आणि मजुरांचं कामही.

फर्मर नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाड्यात हिंडला. त्याला गारनेट आणि गारगोटीचा मिळून बनलेला एक खडक वारंवार सापडत होता. त्या भागातल्या गोंड लोकांवरून त्याने त्याला गोंडाइट नाव दिलं. त्याचं म्हणणं असं की, मुळात हा मॅंगनीज मिसळलेला पाण्याखालचा गाळ. तो जमिनीत गाडला गेला, दाब आणि उष्णतेने त्याचा खडक झाला. वरच्या भागात गारनेट कुजून काळं खनिज बनलं हे खरं, पण मुख्य थर त्या खडकांइतकेच जुने आहेत. म्हणजेच ते खोल जाणार.

1909 मध्ये त्याने हे सगळं हजारावर पानांच्या ग्रंथात मांडलं. नवी खनिजं सापडली की तो त्यांना सहकाऱ्यांची, गावांची नावं द्यायचा. वरिष्ठ हॉलंडसाहेबांवरून हॉलंडाइट, छिंदवाड्याच्या सीतापारवरून सीतापाराइट. यातली काही पुढच्या तपासणीत टिकली नाहीत, सीतापाराइट म्हणजे आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं. त्याच सीतापारच्या एका खनिजाला 1910 मध्ये इतरांनी फर्मोराइट म्हटलं.

जांभा नेमका कशाला म्हणायचा यावरही त्याने 1911 मध्ये लिहिलं. भुसावळला कोळशासाठी 1,217 फूट खोल भोक पाडलं होतं. कोळसा काही मिळाला नाही, पण फर्मरने त्यात लाव्ह्याचे 29 थर मोजले. मराठवाड्याच्या काळ्या मातीखालचा पाषाण याच लाव्ह्याचा.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. 1915 मध्ये पॅट्रिक जन्मला आणि आई मोठ्या मुलीला घेऊन भारतात नवऱ्याकडे परतली. तान्हं पोर इंग्लंडमधल्या एका कुटुंबाकडे ठेवलं. पुढे नवरा-बायकोचा घटस्फोट झाला. दगडांना नावं देणाऱ्या माणसाची स्वतःच्या पोराशी ओळख अगदीच जुजबी राहिली.

1932 मध्ये फर्मर सर्वेक्षणाचा संचालक झाला, 1935 मध्ये 'सर' किताब घेऊन निवृत्त झाला. 1954 मध्ये इंग्लंडमध्ये तो वारला. आठ वर्षांनी इथल्या ब्रिटिश खाण कंपनीच्या जागी मॉइल आली, कार्यालय नागपुरात. गुमगाव, कांद्री आणि भंडाऱ्याच्या चिखल्याला मजूर आजही जमिनीखाली उतरून मॅंगनीज काढतात.