ओठांवर बोट ठेवलेला संत



आजचं वचन नीतिसूत्रे ११:१३. गुपित कोण फोडतं आणि कोण जपतं, याबद्दलचं. वाचलं आणि मी गप्प झाले.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने विश्वासाने मला तिच्या घरातली एक गोष्ट सांगितली. मी ती आमच्या युथ ग्रुपवर टाकली, प्रार्थनेची विनंती म्हणून. नाव लिहिलं नव्हतं, तरी सगळ्यांनी ओळखलं. ती आता माझा फोन उचलत नाही.

म्हणून आज रक्तसाक्षी संत जॉन नेपोमुक आठवले. ते बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले. प्रागच्या आर्चबिशपांचे व्हिकर जनरल. क्लाद्रुबी इथल्या मठाबाबत राजा चौथा वेन्सेस्लास याचे वेगळे बेत होते. जॉन यांनी मात्र तिथल्या नव्या मठाधिपतीची निवड मंजूर केली. राजा भडकला. त्यांचे हाल केले आणि २० मार्च १३९३ च्या रात्री त्यांना व्ल्तावा नदीत फेकलं.

काही दशकांनंतर आणखी एक कथा लिहिली गेली. राणीने पापनिवेदनात काय सांगितलं ते राजाला हवं होतं, आणि जॉन बोलले नाहीत. इतिहासकार मठाचं कारण धरतात. भाविकांच्या मनात ही कथा राहिली. १७२९ मध्ये पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संत घोषित केलं.

प्रागच्या चार्ल्स पुलावर १६८३ पासून त्यांचा पुतळा आहे. हातात क्रूस, डोक्याभोवती पाच तारे. नदीत त्यांच्या देहाभोवती तारे चमकले, अशी श्रद्धा आहे. 'मी गप्प राहिलो' या अर्थाच्या लॅटिन शब्दात अक्षरंही पाचच! कित्येक चित्रांत तर त्यांच्या ओठांवर बोट दिसतं.

पण हे मौन भित्र्याचं नाही हं. राजाला न आवडणारं काम त्यांनी उघडपणे केलं. जपलं ते दुसऱ्याचं गुपित. माझं नेमकं उलटं झालं. देवाला तपशील आधीच ठाऊक होते. ते ग्रुपला हवे होते, आणि सांगायची हौस मला होती.

मेसेज डिलीट केलाय, पण वाचलेलं पुसता येत नाही. आज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन माफी मागणार आहे. तुम्हीही एखादा मेसेज पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबाल ना?

प्रार्थना : हे प्रभू येशू, माझ्यावर विश्वास टाकणाऱ्यांना माझ्यापाशी सुरक्षित वाटू दे. संत जॉन नेपोमुक, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.